कागदावरचे दहा मीटर चाळीस

अब्बा,

तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली. राहिली म्हणणंही खरं नाही. मी ती टाळली, तीस वर्षांहून जास्त काळ. प्रत्येक सुट्टीत ठरवायचे, या वेळी सांगायचंच. तुम्ही अंगणात खुर्ची टाकून बसलेले असायचात, मी चहा घेऊन यायचे, आणि तुमचं तोंड बघितलं की शब्द आत जायचे. शेवटच्या आठवड्यात तर तुमचं बोलणं बंद झालं होतं, फक्त ऐकत होतात. तेव्हा सांगणं किती सोपं होतं. तेव्हाही मी तुमच्या पायांना तेल चोळत बसले आणि शाळेतल्या मुलांच्या गमती सांगितल्या.

आज तुमची जियारत, तिसऱ्या दिवसाची दुआ, होऊन सहा दिवस झाले. भेटायला येणारा प्रत्येक जण तुमच्या मोजूनमापून वागण्याची आठवण काढतो. मी मान हलवते आणि आत जाऊन उभी राहते, कारण ‘मोजणं’ या एका शब्दाशी माझी भीती बांधलेली आहे. डोळे मिटले की सौदीतल्या दम्मामचं ते अंगण दिसतं.

मी आठवीत असताना तुम्हाला फॅमिली स्टेटस, म्हणजे कुटुंब आणायची परवानगी, मिळालं आणि अम्मी आणि मी मंडणगडहून दम्मामला आलो. सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली मी तिथल्या इंडियन स्कूलमध्ये बावरून गेले होते. बाई इंग्रजीत काय विचारतात ते कळेपर्यंत दुसरी मुलगी उत्तर देऊन खाली बसलेली असायची. मार्क जेमतेम. नववीच्या स्पोर्ट्स डेला, मुलींच्या बाजूच्या उंच भिंतींच्या आत, मी पहिल्यांदा गोळा फेकला. तो आखलेल्या सगळ्या रेघा ओलांडून बाकांपर्यंत गेला आणि दोन बाई किंचाळल्या.

घरी येऊन सांगितलं तर अम्मी म्हणाली, "छान झालं. आता कोण मुलगा बघायला आला की त्याला उचलून दाखव."

तुम्ही हसला नाहीत. तुम्ही विचारलं, "किती?"

"काय किती?"

"किती लांब पडला गो?"

मला माहीत नव्हतं. शेवटची रेघ संपल्यावर कोणी मोजलंच नव्हतं. तुम्हाला ते सहन झालं नाही. जेवताना तुम्ही दोनदा म्हणालात, "मोजलं नाय म्हणजे काय?"

तुम्ही सातवी शिकलेले. व्हॉल्व्ह आणि पाइप दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत स्टोअरकीपर. अबकैकच्या तेलाच्या प्लांटला जाणारं सामान तुमच्या हाताखालून जायचं, आणि इंजिनिअर लोक तुम्हाला विचारल्याशिवाय आकडा लिहायचे नाहीत, हे कासिमचाचा नेहमी सांगायचे. कासिमचाचा आपल्याच तालुक्यातले, ट्रेलर चालवायचे, शुक्रवारी आपल्याकडे जेवायला असायचे. त्यांनीच सांगितलं की त्यांचा पुतण्या कबड्डीच्या जोरावर पुण्याच्या कॉलेजात गेला, खेळाडूंसाठी वेगळ्या जागा असतात, पण बारावीनंतर धावपळ करून काही मिळत नाही, दोन-तीन वर्षं आधीपासून तयारी लागते. ऐकता ऐकता तुम्ही ताट बाजूला सारलंत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्टोअरमधलं एक कोरं कार्ड घेऊन आलात. तुमच्या रॅकवर प्रत्येक वस्तूपुढे असं कार्ड टांगलेलं असायचं: वस्तूचं नाव, किती शिल्लक, कधी मागवायची, यायला किती दिवस लागतात. या कार्डावर तुम्ही लिहिलंत, "कॉलेज प्रवेश, रेहाना. यायला लागणारा वेळ: तीन वर्षं." खाली एकेक ओळ. शाळेचं सर्टिफिकेट, प्रिन्सिपॉलच्या सहीसह, दोन प्रती. डॉक्टरचा दाखला. कॉलेजांचे पत्ते. दर महिन्याचं अंतर. अम्मी म्हणाली, "पोरगी आहे का नटबोल्ट?" तुम्ही म्हणालात, "नटबोल्ट संपला तर प्लांट बंद पडतो. असं बोलू नकोस."

आपल्या घरात कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नव्हतं. तिथे जायचं कसं, हे विचारायला आपल्याकडे कुणीच नव्हतं. म्हणून तुम्ही तुम्हाला येत होतं त्या एकाच पद्धतीनं मला तिथे पोचवायला निघालात. हे मला आता कळतं. तेव्हा मैत्रिणींसमोर मला त्या कार्डाची लाज वाटायची.

मुदीराला, कंपनीच्या मॅनेजरला, विचारून तुम्ही स्टोअरमधून एक भरीव पोलादी गोळा घरी आणलात. व्हॉल्व्हच्या आत बसवायचे ते गोळे, एका लाकडी पेटीत बारा असायचे. जाडी नियमात बसत होती. "तोलून आणलाय. चार किलो," तुम्ही म्हणालात. कॉलेजच्या मुलींचा गोळा चार किलोचाच असतो. मग दर शुक्रवारी पहाटेची फजरची नमाज झाली की आपण मागच्या अंगणात. तीन बाजूंनी भिंत, चौथ्या बाजूला घर, बाहेरून कुणाला मुलगी दिसण्याचा प्रश्न नाही. मी फेकायचे, तुम्ही वाकून वाळूतला खड्डा शोधायचात, पोलादी टेप ताणायचात, आकडा भिंतीवर खडूने लिहायचात. चुकीचा पाय पुढे पडला की म्हणायचात, "हा धरायचा नाय." एकदाही तुम्ही मला एक सेंटिमीटर जास्त दिला नाहीत. मी रुसायचे. तुम्ही टेप गुंडाळत म्हणायचात, "टेपला तू कोणाची मुलगी ते माहीत नाय."

अकरावीत मी दहा मीटर चाळीस टाकला. तुम्ही तीनदा मोजलात. मग प्रिन्सिपॉलसाहेबांकडून सहीशिक्का घेऊन पाच कॉलेजांना पत्रं गेली.

आणि पत्रांची उत्तरं यायच्या आत कुवेत इराकच्या ताब्यात गेलं.

नव्वदच्या त्या ऑगस्टनंतरचं सगळं मला भीतीच्याच क्रमाने आठवतं. आधी कोपऱ्यावरच्या बकाल्यातलं, वाणसामानाच्या दुकानातलं, पाणी आणि चिकट पट्टी संपली. मग कुवेतच्या सरहद्दीवरच्या खफजीच्या बाजूने धूळ खाल्लेल्या गाड्या येऊ लागल्या, टपावर गाद्या बांधलेल्या. मग कासिमचाचांच्या ट्रेलरला हफ्र अल बातिनच्या फेऱ्या लागल्या, फौजेसाठी पाणी पोचवायला, आणि ते शुक्रवारी जेवताना गप्प बसू लागले. आपण खिडक्यांच्या काचांवर पट्ट्यांच्या फुल्या मारल्या. विषारी वायू सोडला तर म्हणून न्हाणीघराच्या दाराला पट्टी, फटीत ओला टॉवेल, आत बादलीभर पाणी आणि रेडिओ. तुम्ही घड्याळ लावून आम्हाला आत पळवायचात. "चाळीस सेकंद. परत."

वरच्या मजल्यावरच्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, बाई मी गोळा फेकला की खिडकीत यायच्या. गोळा वाळूत पडल्याचा धप्प आवाज त्यांना बॉम्बसारखा वाटायचा. "अबू रेहाना! खलास! खलास!" बस करा, असं त्या ओरडायच्या, आणि एकदा ओरडता ओरडता रडायला लागल्या. तेव्हापासून आपण सराव बंद केला. तुम्ही कार्डावर त्या महिन्याची जागा कोरी ठेवलीत. कोरी जागा तुम्ही कधी ठेवत नव्हता. ती बघून मला जास्त भीती वाटली.

मग वायूपासून वाचायचा मास्क आला. कंपनीनं कामगाराला एक दिला, घरच्यांसाठी नाही. तो डब्यातून काढून तुम्ही जेवणाच्या चादरीवर ठेवलात आणि आपण तिघं त्याच्याकडे बघत बसलो.

अम्मी म्हणाली, "तुम्ही बाहेर जाता. तुम्ही घाला."

"मी कामावर असलो तर तो इथंच ठेवायचा."

"आणि इथं आम्ही दोघी. एक कोणी घालायचा?"

रोज संध्याकाळी तुम्ही तो माझ्या तोंडावर बसवून पट्टे आवळायचात. रबराचा वास, काचेवर माझाच श्वास, आणि त्या धुरकट काचेपलीकडे अम्मीचं तोंड. मी ओढून काढायचे. तुम्ही पुन्हा घालायचात. तुमची बोटं गार पडलेली असायची. अब्बा, मला वायूची भीती वाटत नव्हती. तो मास्क माझ्या तोंडावर असताना अम्मीच्या तोंडावर काही नाही, आणि तुम्ही हे ठरवून टाकलंय, याची भीती वाटायची.

डिसेंबरात पुण्याच्या एका कॉलेजचं पत्र आलं. क्रीडा संचालकांनी स्वतः लिहिलं होतं: दहा मीटर चाळीस ही कामगिरी आमच्या मुलींच्या तोडीची आहे, जानेवारीत आमचं शिबिर आहे, मुलीला पाठवा, प्रत्यक्ष बघून बारावीला प्रवेश आणि वसतिगृहात जागा देऊ. मी ते पत्र उशीखाली ठेवलं. पण जायचं नाही असं मी ठरवलं होतं. तुम्हाला इथे सोडून मी जाणार नव्हते. आपलं पहिलं खरं भांडण तेव्हा झालं.

"तुम्ही चला, मग आम्ही येतो."

"माझा पासपोर्ट कफीलकडं, मालकाकडं. कामगाराला सोडत नाहीत आता."

"मग कुणीच नको जायला."

"अगो, हे लढाईचं नाय. हे कॉलेजचं आहे. तीन वर्षांचं काम आहे. तू स्वतःच्या ताकदीनं मिळवलंस. आता नाय गेलीस तर परत कोण बोलावणार तुला?"

स्वतःच्या ताकदीनं. या शब्दांवर मी तयार झाले. भीतीनं पळून जायला मी तयार नव्हते, पण हक्कानं जायला तयार झाले. तुम्ही मला बरोबर ओळखत होतात.

कंपनीच्या ऑफिसात त्या दिवसांत रीघ होती. प्रत्येकाला बायकापोरांचा एक्झिट रीएन्ट्री, देशाबाहेर जाऊन परत यायचा परवाना, हवा होता आणि मुदीर सगळ्यांना बुकरा, बुकरा, उद्या या, म्हणत परत पाठवत होता. तुम्ही कॉलेजचं पत्र त्याच्यापुढे ठेवलंत. तो तुमच्याकडे बघत राहिला. तुम्ही ऑफिसच्या मधोमध मान तिरकी करून, हात खांद्याशी नेऊन गोळा फेकून दाखवलात. सगळे हसले, असं तुम्ही घरी येऊन सांगितलंत. तो म्हणाला, "बिंत? मुलगी?" तुम्ही पत्रातल्या आकड्यावर बोट ठेवलंत. त्यानं मान हलवली आणि शिक्का मारला, माझ्या आणि अम्मीच्या दोन्ही अर्जांवर. सांगताना तुम्हीही हसलात, पण पाण्याचा ग्लास तुम्ही दोन्ही हातांनी धरला होता.

निघायच्या दिवशी मी बॅगेत गोळा ठेवला. तुम्ही तो बाहेर काढलात. "कशाला ओझं? तिकडं गोळे आहेत." मी वाद घातला नाही. रियाधच्या विमानतळापर्यंत कासिमचाचांनी सोडलं. समोरून फौजेच्या गाड्यांची रांग संपत नव्हती, आणि अम्मी सगळा रस्ता काचेला डोकं लावून काहीतरी पुटपुटत होती. तुम्ही दारातच निरोप घेतला होतात. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "यल्ला, जा. जेवत जा वेळेवर."

अम्मी मंडणगडला मामांकडे गेली, मी पुण्याला शिबिरात. चार दिवसांत लढाई सुरू झाली. वसतिगृहाच्या रेक्टरबाईंच्या खोलीत रेडिओ होता. दहरानवर क्षेपणास्त्र सोडलं हे तिथेच ऐकलं. बातमी देणाऱ्याला दहरान म्हणजे एक नाव होतं. मला माहीत होतं की तिथून आपल्या घरी यायला गाडीने जेमतेम वीस मिनिटं लागतात. मी पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावला. दुपारपर्यंत बसले. ऑपरेटर म्हणाली, "ताई, तिकडची लाइनच उचलत नाहीये. उद्या या." मास्क आता तुमच्याकडे आहे, एवढंच मी मनात घोकत होते. मग वाटायचं, तुम्ही तो दुसऱ्या कुणाला तरी दिला असणार.

दुसऱ्या दिवशी चाचणी होती.

अब्बा, हेच ते.

मैदानावर बारा-तेरा मुली होत्या. ज्यांनी बोलावलं होतं त्या क्रीडा संचालक सरांच्या हातात तुमचं पत्र होतं, प्रिन्सिपॉलसाहेबांच्या शिक्क्याचं. पहिला गोळा हातात घेतला तेव्हाच तो जड वाटला. मला वाटलं, झोप नाही, पोटात अन्न नाही, म्हणून असेल. पहिली फेक आठ मीटर नव्वद. दुसरी नऊ अडतीस. तिसरी नऊ वीस. सर पत्राकडे बघत म्हणाले, "इथे तर दहा-चाळीस लिहिलंय. उरलेला मीटर काय दम्मामला विसरून आलीस?"

मुली हसल्या. एक म्हणाली, "सर, तिकडे सगळंच फुगवून सांगतात. सोनंसुद्धा."

जागा गेली, हे मला दिसत होतं. जागा गेली तर मी इथे का आले, तुम्हाला तिथे एकटं का सोडलं, याला काही उत्तर उरत नव्हतं. खोटारडी म्हणून परत जायचं, आणि परत जायचं तरी कुठे? मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "सर, माझ्या वडिलांना मोजता येत नाही. ते सातवी शिकलेत, गोदामात सामान उचलतात. त्यांनी काहीतरी लिहिलंय. मी त्यांना सांगत होते."

मी तुम्हाला काहीच सांगत नव्हते. आणि तुम्ही सामान उचलत नव्हता.

सरांनी पत्राची घडी घातली. मग विचारलं, "वडील कुठे आहेत आत्ता?" मी सांगितलं. त्यांचा आवाज उतरला. "बरं. एक आठवडा थांब. नीट जेव. परत टाकून बघू."

तो आठवडा मी दोन भीतींत काढला. सकाळी रेडिओ लागला की वाटायचं, तुम्ही मेलात. रेडिओ बंद झाला की वाटायचं, तुम्ही जिवंत आहात आणि मी काय बोलले ते तुम्हाला कळणार. दोन्ही एकाच वेळी वाटायचं, आणि दुसरी भीती वाटते म्हणून स्वतःची किळस यायची.

आठवडा भरायच्या आत सरांनी मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर तुमचं पत्र होतं. नवं. लिफाफ्यावर तुमचं ते गोल गोल अक्षर, आम्ही निघालो त्याच दिवशी पेटीत टाकलेलं. सरांनी ते मला वाचायला दिलं नाही, स्वतः वाचून दाखवलं.

तुम्ही लिहिलं होतं: "साहेब, माझ्या आधीच्या पत्रात चूक आहे. आमच्याकडे एकेक नग तोलत नाहीत. मी बारा गोळे पेटीसकट काट्यावर ठेवले आणि बाराने भागले. रिकाम्या पेटीचं वजन वजा करायचं राहून गेलं. वर्षअखेरच्या मोजणीत पेटी रिकामी झाली तेव्हा लक्षात आलं. गोळा चार किलोला सुमारे पावणेचारशे ग्रॅम कमी आहे. म्हणून मुलीचं खरं अंतर नऊ मीटर चाळीसच्या आसपास धरावं. चूक माझी आहे, तिला माहीत नाही. हे पत्र मी मुद्दाम उशिरा टाकतो आहे. आधी टाकलं असतं तर तुम्ही बोलावणं परत घेतलं असतं, किंवा तिला कळून ती निघाली नसती. तुम्ही तिला घेतलं नाही तर माझी तक्रार नाही. फक्त तिला इकडे परत जा असं सांगू नका."

सरांनी पत्र परत लिफाफ्यात घातलं. मग म्हणाले, "मुलाचं अंतर वाढवून लिहिणारे बाप मी खूप पाहिलेत. कमी करायला पत्र लिहिणारा हा पहिलाच." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "नऊ-अडतीस टाकलास ना? मग मोजता येतं की त्यांना."

सरांनी मला एक वर्ष दिलं. पुढच्या जानेवारीपर्यंत दहा मीटर टाकायचा, नाहीतर वसतिगृहातली जागा सोडायची. मी तो टाकला, जेमतेम, सहा सेंटिमीटर वर. बारावी झाले, पदवी घेतली, आपल्या घरातली पहिली. आज शाळेत मुलांना खेळ शिकवते. हे सगळं त्या एका वर्षातून आलं, आणि ते वर्ष तुमच्या दोन पत्रांतून, एक चुकीचं आणि एक खरं.

लढाई थांबल्यावर मार्चमध्ये तुमचा फोन लागला. खरखर होती. तुमचा आवाज ऐकून मी बूथमध्ये खालीच बसले. तुम्ही अम्मीची चौकशी केलीत, जेवणाची केलीत, मग विचारलंत, "किती पडला?"

"नऊ अडतीस."

तुम्ही म्हणालात, "बरोबर आहे."

तेव्हा मला राग आला. दोन महिने साठलेली सगळी भीती त्या रागात गेली. "तुम्हाला माहीत होतं! मला खोटं घेऊन पाठवलंत! सगळ्यांसमोर माझं हसं झालं!"

"सांगितलं असतं तर गेली असतीस?"

"नसते गेले."

"मग?"

लाइन तुटली. पण हा वाद तुटला नाही. नंतर कितीतरी वर्षं, जेवताना, प्रवासात, माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी मेंदीचे हात वर धरून बसलेले असतानासुद्धा, मी तो काढायचे. ज्या माणसानं मला एक सेंटिमीटर कधी जास्त दिला नाही, त्यानं अख्खा मीटर कसा चालवून घेतला? तुम्ही दर वेळी तेच म्हणायचात, "मग?" खरं सांगू? मी तो वाद मुद्दाम पेटता ठेवला. तुमची चूक बोलायला असेपर्यंत माझी बोलावी लागत नव्हती.

एकदाच मला वाटलं होतं, आता सगळं बाहेर येणार. तुम्ही सुट्टीवर आलात आणि बक्षीस समारंभाला कॉलेजात आलात. सर तुम्हाला बाजूला घेऊन गेले. मैदानाच्या कडेच्या बाकावर तुम्ही दोघं अर्धा तास बोलत होतात, आणि मी हातात कप धरून लांबून बघत होते. सर हसले की मी तुमच्या चेहऱ्याकडे बघायचे. परत येताना रिक्षात तुमच्या तोंडून फक्त एवढंच आलं, "माणूस चांगला आहे. चहात साखर कमी घेतो." मी समजले की सरांनी सांगितलं नाही. मोठा श्वास घेतला. तो श्वास मी इतकी वर्षं पुरवून वापरला.

काल कासिमचाचा आले. आता त्यांना काठी लागते, नातवानं धरून आणलं. जियारतीला तब्येतीमुळे येता आलं नव्हतं. आम्ही गेल्यावर लढाईभर ते तुमच्याबरोबर त्या घरात राहिले होते, हे मला माहीत होतं. त्या दिवसांबद्दल तुम्ही कधी बोलला नाहीत आणि मी कधी विचारलं नाही.

चहा पिता पिता ते म्हणाले, "तुझा बाप शेर होता, पण त्या महिन्यात मी त्याला थरथरताना बघितलाय. तुम्ही पोचलात का नाय, काय कळत नव्हतं. फोन नाय, तार नाय. जेवायचा नाय. मोजायचा फक्त, किती दिवस झाले ते. मग तुझ्या सरांचं पत्र आलं. इकडून आलेलं पयलं पत्र ते. तुझ्या अम्मीचं नंतर आलं."

मी विचारलं, "सरांनी अब्बांना पत्र लिहिलं होतं?"

"मग! त्याचे हात चालत नव्हते, मीच फोडलं, मीच वाचून दाखवलं. न्हाणीघरात बसलो होतो, भोंगा वाजला होता." ते थांबले. माझ्याकडे बघितलं आणि हसले. "तू म्हणालीस ना सरांना, बापाला मोजता येत नाय, सामान उचलतो म्हणून? ते पण लिहिलं होतं त्यांनी. पुढं त्याची तारीफ पण होती म्हणा."

अम्मी आतून काहीतरी विचारत होती. मी कसंबसं विचारलं, "अब्बांना वाईट वाटलं असेल."

"वाईट?" कासिमचाचांनी कप खाली ठेवला. "अगो, तो रडायलाच लागला. मी म्हटलं, जाऊ दे रे, पोर आहे, बोलते काय पण. तर मला म्हणतो, ‘कासिम, बोलली ना? म्हणजे पोचली. मैदानावर उभी राहून बोलली.’ आणि मला ती ओळ परत वाचायला लावली. वर भोंगा वाजतोय, आणि हा म्हणतो, परत वाच."